बंदर आणि साडेबारा टक्के

लहान राष्ट्रांचा इतिहास आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. इंग्लंड, जर्मनी, अमेरिका यांच्या उत्कर्षाची चर्चा आपल्या महाविद्यालयांतून हवी तेवढी होते; परंतु ज्या देशास आपल्या मालाचा भाव स्वतः ठरविता येत नाही आणि बाहेरच्या बाजाराकडे पाठ फिरवून जगताही येत नाही, अशा देशाने काय केले, हा प्रश्न आपणांस अधिक जवळचा असूनही बाजूस पडतो. पीटर काट्झेनस्टाइन ह्या राज्यशास्त्रज्ञाने १९८५ साली युरोपातील सात लहान राष्ट्रांवर लिहिलेल्या ग्रंथात त्याचा ऊहापोह केला आहे. त्याच्या विवेचनाचे सार असे की, ही राष्ट्रे आपली दारे उघडी ठेवतात. आणि त्यामुळे ज्यांचे नुकसान होते त्यांस इतरांनी काय द्यावयाचे, हे मालक, मजूर व शेतकरी ह्यांच्या प्रतिनिधींना एकत्र बसवून ठरवितात.

डेन्मार्कचे उदाहरण घ्या. १८७० नंतर अमेरिका व रशिया येथील स्वस्त धान्याचा लोंढा युरोपात आला. जर्मनीने १८७९ साली जकातीची भिंत उभारली. डेन्मार्कने ती उभारली नाही. तेथील शेतकऱ्याने धान्य विकण्याचा नाद कमी करून गायी पाळल्या व इंग्लंडला लोणी पाठविण्यास आरंभ केला. १८८२ साली जटलंडमधील येडिंग येथे पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली. अशा संस्थांतून मत माणशी एक असे, गायींच्या संख्येवर नसे. एकत्र बसण्याची ही सवय पुढे राज्यकारभारातही उतरली. १९३३ च्या जानेवारीत, मंदीच्या ऐन कडाक्यात, शेतकऱ्यांच्या हितासाठी चलनाचे मूल्य उतरविणे आणि मजुरांसाठी मदतीची तरतूद करणे, असा देवघेवीचा करार तेथील पक्षांनी केला.

हे सारे नावडे गावाच्या निमित्ताने सांगण्याचे प्रयोजन काय, असे वाचक विचारतील. पनवेल तालुक्यातील हे गाव आज पनवेल महानगरपालिकेत मोडते. एका अंगास तळोज्याची कारखानदारी, दुसऱ्या अंगास कळंबोलीचा लोखंडबाजार, आणि जवळून मुंब्र्याकडे जाणारा रस्ता. गावठाणाभोवती उंच इमारती उठल्या आहेत. राष्ट्र नसले तरी पनवेल-उरणचा हा पट्टा जगाच्या बाजाराला जितका उघडा झाला, तितका महाराष्ट्रातील दुसरा भाग क्वचितच झाला असेल.

पूर्वी ह्या पट्ट्याचा बाजाराशी संबंध भात, मीठ आणि मासळी एवढ्यापुरता होता. खाडीकाठच्या खारजमिनीचे जीवन तर बांधावर अवलंबून असे. उधाणाने बांध फुटला की एकाचे नव्हे, साऱ्या शिवाराचे भात खारे पाणी बुडवी. म्हणून बांध राखण्याचे काम सर्वांचे. ज्या समाजाला ही शिस्त ठाऊक होती, त्याला संघटना शिकविण्यास बाहेरचा गुरू नको होता. अलिबागजवळच्या चरी येथील खोतीविरुद्धचा संप नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे टिकला, हे आपण विसरतो.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तेव्हाचा कुलाबा जिल्हा यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहराकरिता घेण्याचे ठरले. त्यामागून न्हावाशेवा येथे बंदर आले. भूसंपादन १८९४ च्या कायद्यान्वये होत असे. ह्या कायद्यातील एक कलम विद्यार्थ्यांस मुद्दाम वाचून दाखविण्यासारखे आहे. मोबदला ठरवावयाचा तो अधिसूचना निघाली त्या दिवसाच्या भावाने. आणि ज्या कामासाठी जमीन घेतली त्या कामामुळे तिचा भाव वाढणार असेल, तर ती वाढ हिशेबात धरावयाची नाही. म्हणजे बंदरामुळे जमिनीचे सोने व्हावे, पण ते जमीनवाल्याने पाहावे देखील नाही!

दिनकर बाळू तथा दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांचा झगडा मुळात ह्या कलमाशी होता. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांचा गोळीबार झाला व पाच शेतकरी मारले गेले. त्याच वर्षी केंद्राने कायदा दुरुस्त करून मोबदल्यावरील दिलासा रक्कम शेकडा १५ वरून ३० केली. बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले आणि १९९० साली राज्य शासनाने साडेबारा टक्क्यांची योजना काढली. संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकास परत द्यावयाची. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी कपात होऊन हातात पावणेनऊ टक्केच पडे. १९९४ मध्ये जुन्या संपादनांनाही तिचा लाभ देण्यात आला.

क्षेत्र थोडे दिसते. तरीही आमच्या मते ह्या योजनेचे महत्त्व मोठे आहे, कारण पुढील भाववाढीत शेतकऱ्याचा हिस्सा आहे हे सरकारने येथे कबूल केले. पुढे विमानतळासाठी जमीन घेताना हाच हिस्सा साडेबावीस टक्क्यांवर गेला. ह्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. तथापि डेन्मार्कशी तुलना येथे थांबते. तेथे नुकसानीची वाटणी करणारी बैठक कायम राहिली. येथे हातात आला तो भूखंड, तोही सातबाऱ्यावरील नावांत वाटून. भूखंड विकता येतो. तो विकल्यावर सर्वांनी मिळून राखावा असा बांध उरत नाही, आणि पुढच्या पिढीला सरकारपाशी बसून बोलावयास विषयही उरत नाही. शिवाय विलंब किती! बंदरग्रस्तांपैकी कित्येकांच्या हाती ह्या हक्काचे कागद पडले ते १६ ऑगस्ट २०१४ रोजी, म्हणजे जासईनंतर तीस वर्षांनी.

ज्यांचा उदरनिर्वाह खाडीवर होता, त्यांची गोष्ट आणखी निराळी. खाडीचा सातबारा नसतो. भरावाने व बांधकामाने मासेमारीची जागा गेली, तिचे माप कोणत्या टक्क्यात घ्यावयाचे? उरणच्या कोळ्यांनी हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये लवादाने १६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. बंदर सुरू होऊन तेव्हा सव्वीसावे वर्ष चालू होते.