कारळ्याचे तेल (भोर-वेल्हे)

कारळे किंवा खुरासणी (ग्विझोशिया अबिसिनिका) या बियांचे खाद्यतेल. मूळ इथिओपियाचे हे पीक भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांच्या डोंगरउतारांवर चांगले रुळले. वरकस जमिनीत नाचणी-वरई घेऊन कस उतरला की खुरासणी टाकायची आणि मग रान पड ठेवायचे, ही मावळपट्ट्यातली जुनी रीत. परागीभवन मधमाश्यांवर अवलंबून असल्याने माश्या घटल्या की दाणा भरत नाही. बारीक, काळ्या, चकचकीत बियांत साधारण 35 ते 40 टक्के तेल असते. घाण्यावर तेल निघाल्यावर उरणारी पेंड दुभत्या जनावरांना घालतात.

या तेलात लिनोलिक आम्लाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास, काही वाणांत 70 टक्क्यांपर्यंत असते. संपृक्त मेद 20 टक्क्यांच्या आत राहतो. पामतेलात तो जवळपास 50 टक्के असतो. संपृक्त मेदाच्या जागी असे तेल आले तर रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल उतरते. ‘जागी’ हा शब्द इथे कळीचा आहे. रोजच्या पामतेलावर आणखी दोन पळ्या कारळ्याचे तेल ओतल्याने हृदयाचे रक्षण होत नाही, वजन मात्र वाढते. ओमेगा-3 यात नगण्य. त्यासाठी जवसाची चटणी बरी.

लिनोलिक आम्ल हवेने आणि उष्णतेने लवकर बिघडते. म्हणून हे तेल फोडणीला, भाजीला चांगले. भजी-वड्यांच्या कढईत तासन्‌तास उकळायला नव्हे. थोडेच काढून आणावे, झाकण घट्ट लावून अंधारात ठेवावे. खवट वास आला की टाकून द्यावे. तळणीचे तेल पुन्हापुन्हा तापवू नये, मग ते कोणतेही असो. त्यातील ध्रुवीय संयुगे 25 टक्क्यांवर गेल्यास ते वापरण्यास कायद्यानेच मनाई आहे. वनस्पती तुपातील ट्रान्स मेदावर 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ती यायला फार उशीर झाला.

बैठे काम करणाऱ्याला दिवसाकाठी सगळे मिळून 20 ते 30 ग्रॅम तेल-तूप पुरते. चढावर नांगर धरणाऱ्याला थोडे जास्त चालते. त्याच घरातला मुलगा आता शिरवळच्या कारखान्यात किंवा पुण्यात खुर्चीवर बसून काम करत असेल, तर पळी तीच ठेवून चालणार नाही.