वैऱ्यावर प्रीती : एक कठीण आज्ञा आणि आपला दैनंदिन संसार

प्रभू येशूच्या पर्वतावरील प्रवचनातील सर्वांत अवघड आज्ञा कोणती, असे विचारले तर बहुतेक भाविक वैऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेचे नाव घेतील (मत्तय ५:४३-४८, लूक ६:२७-३६). जुन्या करारातील डोळ्याबद्दल डोळा हा नियम (निर्गम २१:२४) आज क्रूर वाटतो; परंतु सूडाला मर्यादा घालणे हाच त्याचा हेतू होता. एका डोळ्याबद्दल एकच, अधिक नाही. प्रभूने ही मर्यादा आणखी पुढे नेऊन सूडच वर्ज्य केला व ज्याने आपला छळ केला त्याच्यासाठी प्रार्थना करण्यास सांगितले.

भिगवण परिसरातील माणसाला वैरी म्हटल्यावर कोणी परका सैनिक आठवत नाही. आपल्याकडे वैरी बहुधा भावकीतलाच असतो. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. इंदापूर, करमाळा व दौंड तालुक्यांतील कित्येक गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. ज्यांच्या उरल्या त्यांना पाणी मिळाले, ऊस आला आणि मातीला मोल चढले. त्याबरोबर हातभर बांधालाही मोल चढले. बांध कोरला, सामाईक विहिरीवरील मोटारीची पाळी चुकवली, सातबाऱ्यावरील बहिणीचे नाव गुपचूप कमी केले, एवढ्यावरून दोन घरे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या मयतीलाही जात नाहीत. शुभवर्तमानालाही हे भांडण अपरिचित नाही. एका मनुष्याने गर्दीतून प्रभूला विनंती केली की, माझ्या भावाला वाटणी करून द्यायला सांगा (लूक १२:१३-१५). प्रभूने त्यांच्यातील न्यायाधीश होण्याचे नाकारले आणि सर्वांनाच लोभाविषयी सावध केले. वाटणी मागणाऱ्याचा हक्क खरा होता की खोटा, याविषयी लूक काहीच लिहीत नाही. ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

प्रीती म्हणजे नेमके काय, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण अनेकांची सद्सद्विवेकबुद्धी विनाकारण दुखावलेली असते. "मी क्षमा केली, पण तो समोर आला की रक्त तापते, मग माझी क्षमा खोटी का?" असे पापनिवेदनाच्या वेळी विचारले जाते. कॅथलिक ख्रिस्तसभेचा १९९२ सालचा धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद २८४३) याचे उत्तर देतो. झालेला आघात न जाणवणे किंवा विसरून जाणे आपल्या हाती नाही, हे तो मान्य करतो. मात्र पवित्र आत्म्याला अर्पण केलेले अंतःकरण त्या आघाताचे करुणेत व मध्यस्थीच्या प्रार्थनेत रूपांतर करते, असे तो शिकवतो. म्हणजे ही आज्ञा इच्छेला दिलेली आहे. त्याचे वाईट चिंतायचे नाही, वाईट करायचे नाही, आणि संधी आली तर भले करायचे.

क्षमा म्हणजे अन्याय गिळणे नव्हे. दुसरा गाल पुढे करण्यास शिकवणाऱ्या प्रभूलाच प्रमुख याजकासमोर एका शिपायाने चपराक मारली, तेव्हा त्याने गप्प न राहता मारण्याचे कारण विचारले (योहान १८:२२-२३). सरकारी मोजणी मागवणे, दिवाणी दावा लावणे, फसवणुकीची फिर्याद देणे हे पाप नाही. ज्याने घेतले त्याने परत केले पाहिजे, हीही ख्रिस्तसभेचीच शिकवण आहे. मारहाण होत असलेल्या पत्नीला क्षमेच्या नावाखाली पुन्हा त्याच घरात ढकलणाऱ्या नातेवाइकांनी तर हे नीट ऐकावे : जोडीदारामुळे स्वतःच्या किंवा मुलांच्या जिवाला गंभीर धोका असेल, तर विभक्त राहण्यास धर्मसभेचा कायदा (कलम ११५३) कारण मान्य करतो.

पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर १३ मे १९८१ रोजी मेहमेत अली आगजा याने गोळ्या झाडल्या. चारच दिवसांनी रुग्णालयातून पोप महोदयांनी त्याला क्षमा केल्याचे जाहीर केले आणि २७ डिसेंबर १९८३ रोजी रोमच्या तुरुंगात त्याची भेट घेतली. तरीही शिक्षा चालूच राहिली. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली ती २००० साली, पोप महोदयांच्या विनंतीवरून.

हे रोमचे झाले. आपल्या मराठी माणसांना परक्या न वाटणाऱ्या इंदूरकडील उदाहरण अधिक बोलके आहे. देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे धर्मभगिनी राणी मारिया गरीब शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवण्याचे काम करीत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये समंदर सिंह याने त्यांना भोसकून ठार केले. त्याला जन्मठेप झाली. राणी मारिया यांची सख्खी बहीण, धर्मभगिनी सेल्मी पॉल, २००२ साली रक्षाबंधनाच्या दिवशी तुरुंगात गेली आणि तिने त्या हातावर राखी बांधली. मधे सात वर्षे गेली होती, हे लक्षात ठेवावे. आईनेही पुढे त्याला क्षमा केली. २००६ साली तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारिया यांना धन्य घोषित करण्यात आले, तेव्हा तो त्या सोहळ्याला उपस्थित होता.

आपल्या घरी सुरुवात कोठून करावी? प्रथम, त्या व्यक्तीचे नाव घेऊन प्रार्थना करावी. "सर्वांना सद्बुद्धी दे" ही पळवाट आहे. चावडीवर व मासळी बाजारात तिच्याविषयी बोलणे थांबवावे, आणि मुलांना भांडणाचा वारसा देऊ नये. चुलत भावंडे शाळेत एकत्र डबा खात असतील तर त्यांना खाऊ द्यावे. मग एकांतात जाऊन बोलावे. ते न जमल्यास दोन जाणत्या माणसांना बरोबर न्यावे (मत्तय १८:१५-१६). राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेनेही समेटाचाच मार्ग धरला होता. तडजोडीच्या कागदावर सही झाली की बांध मिटतो. बोलणे सुरू व्हायला बरेचदा एखादे लग्न किंवा बारसे यावे लागते, आणि पत्रिका घेऊन आधी कोणी जायचे यावर घोडे अडते. प्रभूच्या सांगण्याप्रमाणे वेदीपाशी ज्याला भावाची आठवण झाली त्यानेच अर्पण तेथे ठेवून जायचे (मत्तय ५:२३-२४), चूक कोणाचीही असो.

मिस्साबलिदानात प्रभूच्या प्रार्थनेनंतर व ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी आपण हात जोडून एकमेकांना शांती देतो. लहान धर्मग्रामात तो माणूस दोनच बाक मागे उभा असतो. बहुतेकदा आपण उजवीकडे वळतो, डावीकडे वळतो, आणि तेवढे मागे वळायचे टाळतो.