निदान आणि शस्त्र यांच्यामधले अंतर

२८ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांना भूल देण्यात आली, तेव्हा आपल्या स्तनातील गाठ कर्करोगाची आहे की साधी, हे त्यांना ठाऊक नव्हते. शस्त्रवैद्यांनाही ते निश्चित ठाऊक नव्हते. गाठ काढून ती गोठवली गेली, तिचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला आणि बाई शुद्धीवर येण्यापूर्वीच त्यांचा उजवा स्तन काढून टाकण्यात आला. राष्ट्रप्रमुखाच्या घरची गोष्ट म्हणून तिचा गवगवा झाला, इतकेच. एरवी त्या देशात हीच रूढ पद्धत होती.

ती रूढ झाली कशी? बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ साली स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकत्र काढण्याच्या शस्त्रक्रियेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९०५ साली मेयो क्लिनिकमधील लुई विल्सन यांनी ताजा मांसखंड गोठवून काही मिनिटांत तपासण्याची युक्ती काढली. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी थोरच. परंतु त्या एकत्र आल्या आणि निदान व उपचार एकाच मेजावर उरकू लागले. गाठीला शस्त्र लागल्यावर विलंब केल्यास रोग फैलावेल, ही धास्तीही होतीच.

आम्हां सरकारी नोकरांकडे टिप्पणी एकाने लिहावी, आदेश दुसऱ्याने काढावा आणि मध्ये फाईल पडून राहावी, याची लोक थट्टा करतात. येथे मात्र फाईल मध्ये थांबणेच इष्ट होते.

कारण गाठ कर्करोगाची आहे, एवढे कळून भागत नाही. रोग कोठवर गेला, हेही पाहावे लागते. न्यूयॉर्कच्या हागेन्सन आणि स्टाउट यांनी १९४३ साली जुनी प्रकरणे चाळून दाखविले की, त्वचेवर विस्तृत सूज किंवा गळपट्टीच्या हाडावरील ग्रंथींत रोग, अशी काही लक्षणे असता शस्त्रक्रियेने रोगमुक्ती होत नाही. म्हणजे कित्येक स्त्रियांनी ते दुःख व्यर्थच सोसले होते. त्याच सुमारास फ्रान्समध्ये प्येर देन्वा यांनी तीन अक्षरांची मोजणी बसविण्यास प्रारंभ केला : टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे जवळच्या ग्रंथी, एम म्हणजे दूरच्या अवयवांत गेलेला रोग. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत असली तर पहिली पायरी, पाचपर्यंत दुसरी, त्याहून मोठी तिसरी. आणि गाठ लहान असूनही त्वचेवर व्रण पडला किंवा रोग छातीच्या भिंतीत शिरला, तर चौथी. ही मोजणी सावकाश, उजेडात करावयाची असते.

रोझ कुशनर या पत्रकार स्त्रीने १९७४ मध्येच स्वतःच्या गाठीबाबत आधी निदान, मग निर्णय असा आग्रह धरला होता. बेटी फोर्ड यांच्यासाठीही तिने व्हाइट हाउसला दूरध्वनी केला. तो निष्फळ ठरला. पुढे १९७९ साली बेथेस्डा येथे तज्ज्ञांची परिषद भरली. तिच्या मंडळात कुशनर बसल्या होत्या, आणि दोन टप्प्यांची पद्धत शिफारस म्हणून मान्य झाली.

आज जाड सुईने सुतासारखा मांसखंड काढतात. त्यावरून पेशींची प्रत, संप्रेरकांना प्रतिसाद देणारी ग्राहके आणि हर-२ नावाचे प्रथिन पाहतात. अमेरिकेच्या २०१८ पासूनच्या वर्गीकरणात अवस्था ठरविताना यांचाही हिशेब धरला जातो. अहवालास काही दिवस लागतात. ते दिवस जड जातात खरे, पण त्या दिवसांत रुग्ण स्त्री जागी असते आणि प्रश्न विचारते.