टाटाहून परत आलेल्या लेकराचा उन्हाळा

एप्रिल लागला की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर उन्हाळी शिबिरांच्या प्रेसनोट सुरू होतात. संस्कार शिबिर, व्यक्तिमत्त्व विकास शिबिर, कराटे, हस्ताक्षर. वाशिम, मालेगाव, रिसोड, आणि आता आमच्या जऊळक्यातसुद्धा. मी त्या फोटोसकट पाठवून देतो. वीस वर्षांत अशा किती छापल्या असतील, हिशोब नाही. पण काही वर्षांपूर्वीची एक प्रेसनोट मात्र डोक्यातून जात नाही.

आमच्याच भागातलं नऊ वर्षांचं एक पोरगं. ब्लड कॅन्सर झाला होता. मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये अडीच वर्षं उपचार झाले. बरं होऊन गावी आलं, केस परत आले. शाळेत पाठवा, खेळू द्या, असं डॉक्टरांनीच सांगितलेलं. बापानं हौसेनं एका उन्हाळी शिबिरात नाव टाकलं. तिसऱ्या दिवशी आयोजकांनी फी परत दिली. बाकीचे पालक कुरकुर करायला लागले होते, आमच्या लेकरांना काही झालं म्हणजे?

बाप माझ्याकडं आला. म्हणाला, "भाऊ, कॅन्सर काही लागत नसते ना कोनाले? मंग?"

मी म्हणालो, बातमी करतो. केली नाही. आयोजक ओळखीचे होते, दिवाळी अंकाला जाहिरात देणारे होते. त्याच शिबिराच्या समारोपाची प्रेसनोट मात्र तीन कॉलम लावली. हे आज लिहितोय, कारण तेव्हापासून हा विषय वाचत गेलो आणि कळलं की आपल्याकडं घडलं तेच जगात आधी सगळीकडं घडून गेलंय. कॅन्सर झालेल्या मुलांची वेगळी शिबिरं निघाली त्यामागंही हेच कारण होतं.

मुळात अशी शिबिरं काढायची तर मुलं जगायला हवीत. १९४०च्या दशकापर्यंत ब्लड कॅन्सर झालेलं लेकरू काही आठवडे, फार तर काही महिने जगायचं. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ मध्ये पहिल्यांदा औषधानं मुलांचा हा आजार काही काळ मागं हटवून दाखवला. ती औषधं आली लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेतून, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. १९४८ मध्येच ते वारले. आपल्या शाळेच्या पुस्तकात हा माणूस का नाही, हा प्रश्न मला नेहमी पडतो. असो. पुढं अनेक औषधं एकत्र देण्याची पद्धत आली आणि १९६०चं दशक संपता संपता मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातले डॉक्टर म्हणू लागले की निम्मी मुलं बरी होऊ शकतात.

आता नवाच प्रश्न उभा राहिला. जगलेल्या मुलांचं करायचं काय? अमेरिकेत सुट्टीत मुलांना कॅम्पला पाठवायची जुनी रीत. पण डोक्यावर केस नाहीत, औषधांच्या वेळा सांभाळायच्या, ताप आला तर धावपळ. साध्या कॅम्पवाल्यांना अशी मुलं घ्यायची भीती वाटायची. मग मुलांच्या कॅन्सरचं काम करणारे डॉक्टर, नर्स आणि पालक यांनीच १९७०-८०च्या दशकांत ठिकठिकाणी वेगळे कॅम्प काढले. ऑस्ट्रेलियात १९८३ मध्ये 'कॅम्प क्वालिटी' सुरू झाला.

सगळ्यात गाजला तो नट पॉल न्यूमन यांचा कॅम्प. या माणसानं १९८२ मध्ये सॅलडवर घालायच्या ड्रेसिंगचा धंदा काढला आणि त्याचा सगळा नफा दान करायचा ठरवलं. १९८८ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या अ‍ॅशफर्डला 'होल इन द वॉल गँग कॅम्प' उभा राहिला. त्यांच्याच सिनेमातल्या दरोडेखोरांच्या टोळीचं नाव. सगळी रचना जुन्या काउबॉय गावासारखी, मुलांना फुकट. तिथल्या दवाखान्याचं नावसुद्धा 'ओके कोरल', म्हणजे सिनेमातल्या गोळीबाराची जागा. डॉक्टर, नर्स, औषधं सगळं हजर, पण दवाखान्याचा वास नाही. पोरगं सकाळी औषध घेणार आणि दुपारी तळ्यात मासे पकडणार. १९९४ मध्ये आयर्लंडच्या बॅरेट्सटाउन गढीत असाच कॅम्प निघाला आणि मग इतर देशांत पसरत गेला.

मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटली. आजारी मुलांच्या भावंडांसाठी तिथं वेगळं सत्र असतं. ते वाचलं आणि मला त्या पोराची मोठी बहीण आठवली. आईबाप मुंबईत, ही मावशीकडं. अडीच वर्षं. दोन उन्हाळे, दोन दिवाळ्या. परीक्षेचा निकाल तिनं फोनवर सांगितला, तेव्हा आई वॉर्डात होती, नीट बोलणंही झालं नाही. तिला कोणता आजार नव्हता, म्हणून तिच्याकडं कोणी पाहिलंच नाही. मीही तिला कधी काही विचारलं नाही.

आपल्याकडं हा प्रवास उलट्या बाजूनं झाला. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. उपचार मुंबईत, रोगी देशभरातला. गावाकडच्या माणसापुढं पहिला प्रश्न खेळाचा नव्हताच, झोपायचं कुठं हा होता. तो प्रश्न ओळखला आपल्याच वऱ्हाडातल्या, शेंडगावच्या माणसानं. गाडगेबाबांनी जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. पुढं त्यांच्याच नावाच्या दादरच्या धर्मशाळेनं टाटाला येणाऱ्या किती कुटुंबांना छप्पर दिलं! आमच्याकडून जाणारा माणूस अकोल्याला जाऊन मुंबईची गाडी धरतो, आणि दादरला उतरला की पहिली चौकशी अजूनही या धर्मशाळेची असते.

१९८०च्या दशकात टाटामध्ये डॉ. सुरेश अडवाणी आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या ब्लड कॅन्सरसाठी एमसीपी-८४१ ही उपचारपद्धती वापरली, बरी होणारी मुलं वाढली. तरी उपचार अर्धवट सोडून गावी परतणारी कुटुंबं खूप होती. कारण औषध नव्हे. भाडं, मजुरी बुडणं, घरी राहिलेली लेकरं. २००६ मध्ये निहाल आणि श्यामा कविरत्ने यांनी मुंबईत सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर सुरू केलं (मेम्फिसचं रुग्णालय वेगळं, गल्लत नको). सुरुवात मोजक्या कुटुंबांपासून. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची जागा, स्वतःची चूल, मुलांना शिकवणी, चित्रं, गाणी. त्या पोराच्या आईनं तिथं काढलेले महिने मला सांगितले होते. "तिथं सगळ्यायचेच लेकरं टकले, मंग लाजायचं काय?" शिबिर शिबिर म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

बऱ्या झालेल्या मुलांसाठी टाटात १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे, आणि इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधारानं २००९ मध्ये 'उगम' हा त्यांचाच गट उभा राहिला. ही पोरं एकत्र जमतात, नव्या रोग्यांना धीर देतात. पण हे सगळं मुंबईत. पोरगं गावच्या स्टेशनवर उतरलं की साखळी तुटते. रेल्वे कॅन्सरच्या रोग्याला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत देते, सोबत्याला ७५ टक्के. तपासणीला जायची सोय आहे. परत आल्यावर गावात मिसळायची नाही.

आणि विदर्भात हे जमणार नाही असं कोणी म्हणू नये. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तीही ऐन मे महिन्यात. हजारो तरुण पोरं तिथं कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांसोबत राहिली, राबली, एका पंगतीत जेवली. कुष्ठरोगाची भीती तर कॅन्सरहून कितीतरी जुनी. ती भाषणानं गेली नाही, सोबत जेवल्यानं गेली.

वेगळा मोठा कॅम्प आपल्याला परवडेल असं मी म्हणत नाही. आपल्याकडच्या ४४ डिग्रीत तो मेमध्ये घ्यावा असंही नाही, हिवाळ्यात चिखलदरा बरा. पण जी शिबिरं आत्ता चालू आहेत, त्यांत डॉक्टरच्या चिठ्ठीवर एक पोरगं आणि त्याची बहीण बसवायला काय लागतं? पालकांची एक बैठक आणि ती घेणारा एखादा डॉक्टर.

ते पोरगं यंदा दहावीला आहे, क्रिकेट खेळतं, तब्येत ठणठणीत. बहीण नर्सिंग करते. परवा या मोसमातली पहिली प्रेसनोट आली. या वेळी छापण्याआधी आयोजकांना फोन लावला आणि विचारलं, कॅन्सरमधून बरं झालेलं लेकरू घ्याल का? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, कमिटीला विचारून सांगतो.

प्रेसनोट अजून माझ्याकडंच आहे.