परकी आज्ञावली आणि देवनागरीची साठवण

एका कार्यप्रणालीसाठी रचलेली आज्ञावली दुसऱ्या संगणकावर चालविण्याचा प्रश्न विंडोजपेक्षा जुना आहे. १९६४ साली आय.बी.एम.ने ‘सिस्टिम/३६०’ ही यंत्रमालिका जाहीर केली, तेव्हा १९५९ च्या ‘१४०१’ या यंत्रासाठी लिहिलेली कामे टाकून देणे ग्राहकांना परवडणारे नव्हते. म्हणून नव्या मालिकेतील काही यंत्रांत जुन्या यंत्राची नक्कल करण्याची सोय ठेवावी लागली. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘वाइन’ प्रकल्पाने निराळी वाट धरली. विंडोजची आज्ञावली कार्यप्रणालीकडे जी मागणी करते, ती मध्येच स्वीकारून ‘वाइन’ लिनक्सच्या साधनांनी पुरी करते. पहिला प्रकार सोंगाचा, दुसरा दुभाष्याचा. दुभाष्याचे काम किती किचकट असते, हे ‘वाइन’ची १.० आवृत्ती २००८ साली निघाली यावरून दिसून येते.

मराठीच्या बाबतीत या प्रश्नाला लिपीचे अंग आहे. आय.आय.टी. कानपूर येथे सुरू झालेले ‘जिस्ट’चे कार्य पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने (स्थापना १९८८) चालविले. संगणकात बसविलेल्या जिस्ट कार्डामुळे डीबेस, वर्डस्टार यांसारख्या केवळ इंग्रजीसाठी रचलेल्या आज्ञावली देवनागरीत चालत. अक्षरे दाखविण्याचे काम कार्ड परस्पर करी. आज्ञावलीला त्याची वार्ताही नसे. फसवणूक झाली ती आज्ञावलीची. मजकूर मात्र उच्चारक्रमाने, ‘इस्की’ संकेतानुसार, सचोटीने साठविला जाई.

विंडोजवरील जुन्या टंकांनी याच्या उलट केले. ‘कबनूर, जिल्हा कोल्हापूर’ हा पत्ता घ्यावा. ‘जि’मधील इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो, आणि इस्कीत व युनिकोडमध्ये तो तसाच नोंदला जातो. टंकांत मात्र ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी आधी साठविली जाई, आणि तीही रोमन अक्षरांसाठी राखलेल्या संकेतांकावर. (सी-डॅकची विंडोजवरील साधनेही या रीतीपासून अलिप्त राहिली नाहीत, हे नवल.) तो टंक नसलेल्या संगणकावर कबनूरच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक रांग उमटते. प्रत्येक टंकाची मांडणी वेगळी असल्याने रूपांतराचे कोष्टकही प्रत्येकासाठी वेगळे करावे लागते. शिवाय मजकुरात खरेच इंग्रजी शब्द असल्यास तोही कोष्टकाच्या तडाख्यात सापडतो.

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवर आधारलेली होती. तथापि विंडोजवर तिला पुरेसा आधार मिळण्यास २००० साल उजाडावे लागले. दरम्यानच्या दशकात अक्षरजुळणी झालेली मराठी पुस्तके, स्मरणिका आणि हस्तपत्रके यांच्या धारिका जुन्या टंकांतच राहिल्या. त्या उघडण्यासाठी मूळ आज्ञावली नव्या संगणकावर चालविण्याचा उपाय सुचविला जातो, आणि वाचनापुरता तो पुरेसाही ठरतो. परंतु ‘वाइन’च्या आश्रयाने पडद्यावर ‘कबनूर’ शुद्ध उमटले, तरी साठवणीत ते रोमन संकेतच राहतात. त्या धारिकांत ‘कबनूर’ हा शब्द युनिकोडमध्ये लिहून शोधल्यास तो एकदाही सापडत नाही.