एकाच गाडीने ५० लाख किलोमीटर कसे काय होतात? जास्त रनिंगच्या गाड्यांमागचं साधं गणित

सेकंडहँड गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रनिंग किती?" मीटरवर लाखाच्या वरचा आकडा दिसला की गिऱ्हाईक मागे सरकतं. आपल्याकडे एक समज पक्का बसलाय, लाखभर किलोमीटर झाले म्हणजे गाडी म्हातारी झाली. आता काढून टाकलेली बरी.

पण जगात अशा गाड्या आहेत ज्यांनी एक लाख सोडा, चाळीस-पन्नास लाख किलोमीटरचा पल्ला गाठलाय. त्यांच्यात काही जादूचं इंजिन नव्हतं. मग हे जमलं कसं?

शिक्षकाची लाल व्होल्वो

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात इर्व्ह गॉर्डन नावाचे एक विज्ञान शिक्षक होते. जून १९६६ मध्ये त्यांनी लाल रंगाची व्होल्वो पी१८००एस विकत घेतली. दोन दारांची छोटी गाडी, चार सिलिंडरचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन. गाडी हातात आल्यावर दोन-तीन दिवसांतच त्यांनी ती १,५०० मैल, म्हणजे सुमारे २,४०० किलोमीटर पळवली आणि पहिल्या सर्व्हिसिंगला नेऊन उभी केली.

घर ते शाळा आणि परत असा त्यांचा रोजचा प्रवास १२५ मैलांचा, म्हणजे जवळपास २०० किलोमीटरचा होता. सुट्टीत लांबच्या सहली वेगळ्याच. १९८७ मध्ये गाडीने दहा लाख मैल पूर्ण केले. १९९८ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली. १८ सप्टेंबर २०१३ रोजी अलास्कामध्ये मीटरवर ३० लाख मैल झाले, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर. पृथ्वीला १२० फेऱ्या माराव्यात इतकं हे अंतर आहे. २०१८ मध्ये गॉर्डन यांचं निधन झालं, तोवर आकडा ३२ लाख मैलांच्या पुढे गेला होता.

या गाडीचं इंजिन पहिल्यांदा खोललं गेलं ते ६ लाख ८० हजार मैलांवर, म्हणजे जवळपास ११ लाख किलोमीटरनंतर. गॉर्डन यांना लोक गुपित विचारायचे, तेव्हा त्यांचं उत्तर अगदी साधं असायचं. गाडीसोबत जी पुस्तिका मिळते ती वाचा आणि त्यात लिहिलंय ते वेळच्या वेळी करा. ते स्वतः दर ३,००० ते ३,५०० मैलांना ऑइल बदलत.

ग्रीसची टॅक्सी

दुसरं प्रसिद्ध उदाहरण ग्रीसमधल्या ग्रेगोरिओस साखिनिडिस या टॅक्सीचालकाचं. त्यांची १९७६ च्या बनावटीची मर्सिडीज २४०डी ही डिझेल गाडी होती. १९८१ मध्ये त्यांनी ती घेतली तीच मुळी सेकंडहँड, आधीच सव्वादोन लाखांच्या आसपास चाललेली. २००४ मध्ये कंपनीने ती आपल्या संग्रहालयासाठी घेतली तेव्हा मीटरवर ४६ लाख किलोमीटर होते.

या टॅक्सीत इंजिनं मात्र बदलत राहिली. मग ती तीच गाडी म्हणायची का? कागदोपत्री याचं उत्तर सोपं आहे. गाडीची खरी ओळख चॅसी नंबर. आपल्याकडेही इंजिन बदलता येतं, फक्त आरटीओकडे त्याची नोंद करून आरसीवर तसा बदल करून घ्यावा लागतो. व्यवहारात सांगायचं तर इंजिनसुद्धा शेवटी एक सुटा भागच आहे. महागडा, पण बदलता येण्यासारखा.

किलोमीटरपेक्षा तास महत्त्वाचे

आता थोडं गणित. एक गाडी हायवेवर सरासरी ६० च्या वेगाने लाख किलोमीटर चालली, तर इंजिन साधारण १,६६७ तास चालू होतं. दुसरी गाडी शहराच्या ट्रॅफिकमध्ये सरासरी २० च्या वेगाने तेवढीच चालली, तर इंजिन ५,००० तास चालू होतं. मीटरवर दोन्हीकडे आकडा एकच, पण झीज मात्र सारखी नाही. शहरातल्या गाडीचा क्लच, ब्रेक आणि गिअरही कितीतरी जास्त वेळा वापरले जातात.

त्यात भर पडते थंड इंजिनाची. गाडी रात्रभर उभी असते तेव्हा बरंचसं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. सकाळी सुरू केल्यावर ते वर पोहोचेपर्यंतचे काही क्षण इंजिनाला घातक असतात. शिवाय थंड इंजिनात थोडं न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि पाण्याची वाफही आत जमते. इंजिन चांगलं तापलं की ही वाफ उडून जाते. पण रोज फक्त दोन किलोमीटरवर दूध-भाजी आणायला गाडी काढली, तर इंजिन नीट तापतच नाही. ओलावा आत साठतो, ऑइल खराब होतं आणि हळूहळू काळा चिकट गाळ तयार होतो.

रोज २०० किलोमीटर पळणारी व्होल्वो का टिकली ते इथे कळतं. दिवसाला मोजक्या वेळा स्टार्ट आणि बाकी सगळा प्रवास गरम इंजिनावर. टॅक्सीचंही तसंच, तिचं इंजिन दिवसभर थंड पडत नाही. म्हणून दहा वर्षांत फक्त ३० हजार चाललेली गाडी दिसली की लगेच खूश होऊ नये. कमी चाललेली गाडी चांगली ठेवलेली असेलच असं नाही. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर कडक होतात, रबराचे पाइप तडकतात आणि उंदीर वायरी कुरतडतात ते वेगळंच.

लाखो किलोमीटरसाठी काय करावं लागतं?

इंजिन ऑइल आणि फिल्टर: कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल, आणि किलोमीटर किंवा महिने यांतलं जे आधी होईल त्यानुसार बदल. गाडी चालली नाही म्हणून ऑइल दोन-दोन वर्षं तसंच ठेवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. महिन्यातून एकदा सपाट जागेवर गाडी लावून डिपस्टिकने लेव्हल बघावी. जुनी इंजिनं थोडं ऑइल खातात. लेव्हल कमी झाल्याचं कळलंच नाही तर मात्र इंजिन जाम होऊ शकतं.

कूलंट: यात गंज थांबवणारी रसायनं असतात आणि ती काळानुसार संपतात. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी भरत राहिलं तर क्षार बसतात, वाट बुजते आणि इंजिन तापतं. टेम्परेचरचा काटा वर गेला तर घर जवळ आलंय म्हणून तसंच दामटू नये. गाडी बाजूला घेऊन बंद करावी. तापलेल्या इंजिनाचा हेड वाकला की खर्च कुठल्या कुठे जातो.

टायमिंग बेल्ट: ज्या इंजिनात चेनऐवजी बेल्ट असतो, तिथे तो साधारण ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान बदलायचा असतो. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. बेल्ट तुटायच्या आधी आवाज करेलच असं नाही. आणि बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन आणि वॉल्व्ह एकमेकांवर आदळतात.

ब्रेक ऑइल आणि गिअर ऑइल: ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, त्यामुळे साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल अनेक जण कधीच बदलत नाहीत आणि नंतर गिअरबॉक्सचं मोठं काम निघतं.

पत्रा: इंजिन नवं बसवता येतं, पण पत्रा सडला की गाडी संपली. कोकण, मुंबई आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत, तसंच पावसाळ्यात चाकांच्या वर साचणाऱ्या चिखलामुळे गाडी खालून गंजते. पावसाळा संपला की गाडी खालून धुवून घेणं आणि गंजाचे डाग लगेच साफ करणं इंजिनाइतकंच गरजेचं आहे.

पेट्रोल आणि डिझेल: आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग त्या दृष्टीने बनवलेले आहेत. त्याआधीच्या गाड्यांमध्ये इंधनाचे रबरी पाइप आणि गॅस्केट वेळोवेळी तपासून घ्यावेत. बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ राहायला गाडी अधूनमधून हायवेवर पळवावी लागते.

वही: या सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे एक वही. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती खर्च आला. विकताना बिलांची फाइल दाखवता आली तर दीड लाख चाललेली गाडीही विश्वासाने जाते. आणि घेणाऱ्यानेही मीटरपेक्षा फाइलच आधी बघावी, कारण मीटर मागे फिरवता येतो. मीटरवर ४० हजार, पण पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग झिजलेलं आणि ड्रायव्हरची सीट बसलेली असेल, तर काय ते समजून घ्यावं.

भारतात गाडी किलोमीटरवर नाही, वर्षांवर मोजतात

इथे भारतीय मालकाची खरी अडचण येते. गाडी कितीही ठणठणीत असली तरी नियम वर्षं बघतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून थेट ५,००० रुपये झालं. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर पर्यावरण करही भरावा लागतो.

दिल्ली परिसरात नियम आणखी कडक झाले. १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली. त्यावर मालकांचा आक्षेप हाच होता की कमी चाललेली, नीट ठेवलेली गाडी फक्त वयामुळे भंगारात का जावी. २०२५ मध्ये हा वाद पुन्हा न्यायालयात गेला.

मुंबईकरांनी याचा शेवट डोळ्यांनी पाहिलाय. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी काळी-पिवळी टॅक्सी म्हणून कित्येक दशकं धावली. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा होती. शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत टॅक्सी म्हणून नोंदली गेली. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून एकही पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावर राहिली नाही. तिला थांबवलं ते कॅलेंडरने.

नियमाला दुसरी बाजूही आहे. जुनी इंजिनं जास्त धूर सोडतात. भारतात नव्या गाड्यांना एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या अनेक गाड्यांत यातलं काहीच नाही. इंजिन कितीही गोड चालत असलं तरी अपघातात ते वाचवायला येत नाही.

ठेवायची की काढायची?

गाडीवर गेल्या वर्षभरात झालेला दुरुस्तीचा खर्च काढा आणि नव्या गाडीच्या बारा हप्त्यांशी तुलना करा. क्लच प्लेट, सस्पेन्शन, टायर, बॅटरी हे खर्च एकदम आले तर डोळ्यांत भरतात, पण ते पुढची काही वर्षं निभावतात. नवी गाडी मात्र दर महिन्याला हप्ता मागते आणि इन्शुरन्सही वाढवते. गाडीची बाजारातली किंमत दीड लाख असताना तिच्यावर ४० हजार कशाला घालायचे, असा विचार बरेच जण करतात. पण गाडी विकायचीच नसेल तर तिच्या बाजारभावाचा तेवढा संबंध राहत नाही. त्या ४० हजारांत आणखी किती वर्षं निघतील, हे बघायला हवं.

तीन गोष्टी असतील तर मात्र मोह सोडावा: चॅसी किंवा खालचा पत्रा सडलाय, गाडी पुराच्या पाण्यात बुडून निघालीय, किंवा मोठ्या अपघातात सांगाडा वाकलाय. अशा गाडीत घातलेला पैसा सहसा परत येत नाही. ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात देऊन प्रमाणपत्र घेतलं, तर नवी गाडी घेताना करात सवलत मिळू शकते.

यातलं काहीच नसेल, तर मीटरवरच्या लाखाच्या आकड्याला घाबरायचं कारण नाही. पुढचं ऑइल कधी बदलायचं ती तारीख आजच वहीत लिहून ठेवलेली पुरे.