शिरूर व दौंड परिसरातील वेदनाशामक गोळीचा प्रसार आणि मात्रेचे ज्ञान : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड या तालुक्यांमधून भीमा नदी वाहते. एकेकाळी ज्वारी-बाजरीवर विसंबून असलेल्या या अवर्षणप्रवण पट्ट्यात कालव्यांचे पाणी आले, उसाचे क्षेत्र वाढले, पाटस येथे भीमा व न्हावरे येथे घोडगंगा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. पुढे रांजणगाव व कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती झाल्या. या परिवर्तनाचा विचार शेती, सहकार व उद्योग या अंगांनी नेहमी केला जातो. परंतु मोळी उचलणाऱ्या, खुरपणी करणाऱ्या, यंत्रावर पाळी करणाऱ्या माणसाच्या पाठीचे व गुडघ्याचे दुखणे आणि ते शमविण्यासाठी तो घेत असलेली गोळी यांकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

ग्रामीण भागात आज पॅरासिटामॉलची गोळी सहज मिळते. ही गोळी योग्य मात्रेत घेतल्यास सुरक्षित आहे. मात्रा ओलांडल्यास तीच यकृतास घातक ठरते. म्हणजेच तिची सुरक्षितता ही ती कशी घेतली जाते यावर अवलंबून असते. गोळी गावापर्यंत पोहोचली, परंतु मात्रेचे ज्ञान त्याच गतीने पोहोचले नाही, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. वेदनाशामक गोळीच्या प्रसाराचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२. या प्रसारात कायदा व आरोग्यसेवक यांची भूमिका तपासणे.
३. पॅरासिटामॉलच्या सुरक्षित वापराचे नियम ग्रामीण संदर्भात मांडणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायद्यातील तरतुदी व प्रकाशित वैद्यकीय संशोधन यांचा आधार घेतला आहे.

प्रयोगशाळेतून बाजारपेठेकडे :

पॅरासिटामॉल हे द्रव्य हार्मन मोर्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये तयार केले. मात्र पुढील सुमारे सत्तर वर्षे ते उपेक्षितच राहिले. दरम्यान १८९९ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीने ॲस्पिरिन बाजारात आणले व डोकेदुखी आणि ताप यांवरील गोळी म्हणून ते जगभर पसरले. १९४८ मध्ये ब्रॉडी व ॲक्सलरॉड यांच्या संशोधनामुळे पॅरासिटामॉलचे महत्त्व पुन्हा लक्षात आले आणि १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये ते गोळीच्या रूपात विक्रीस आले. ॲस्पिरिनप्रमाणे ते जठरास त्रास देत नाही, हा त्याचा मोठा गुण मानला गेला.

त्याचा दोषही लवकरच उघड झाला. १९६६ मध्ये स्कॉटलंडमधील डॉक्टरांनी अतिमात्रेमुळे यकृत निकामी झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. १९७० च्या दशकात ॲसिटिलसिस्टीन हा त्यावरील उतारा सापडला. १९९८ मध्ये ब्रिटनने एका वेष्टनातील गोळ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली : औषधाच्या दुकानात ३२ व इतर दुकानांत १६. गोळी सर्वांच्या हाती द्यावयाची असेल तर तिच्या प्रमाणावर अंकुश हवा, हा विचार त्यामागे होता.

महाराष्ट्रातही गोळीच्या नावाचा प्रसार तिच्या माहितीच्या आधी झाला. १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीच्या मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांवर जाहिराती सुरू झाल्या. रेडिओ शेतात व किराणा दुकानात पोहोचलेला होता. त्यामुळे ब्रँडचे नाव लोकांच्या तोंडी बसले. 'क्रोसिन' हे तर अनेक घरांत तापाच्या कोणत्याही गोळीचे नाव झाले. गोळी नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्यातील द्रव्य व त्याचे मिलिग्रॅम मात्र अपरिचितच राहिले.

कायद्यातील गाव :

कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीने (१९३०-३१) भेसळयुक्त व निकृष्ट औषधांचा प्रश्न मांडला. त्यातून १९४० चा औषध कायदा व १९४५ चे नियम अस्तित्वात आले. औषधविक्रीसाठी परवाना आवश्यक ठरला. मात्र दूरवरच्या गावांत औषधाचे दुकान नसते, हे ध्यानी घेऊन नियमांच्या 'के' अनुसूचीत काही घरगुती औषधांना सवलत देण्यात आली. त्या यादीत ॲस्पिरिन व पॅरासिटामॉलच्या गोळ्या आहेत. एक हजारापेक्षा अधिक लोकसंख्या नसलेल्या गावातच ही सवलत लागू होते आणि औषध मूळ, न उघडलेल्या वेष्टनात विकले जावे, अशी अट आहे.

या तरतुदीतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, कायद्याने गाव म्हणजे लहान व बाजारापासून तुटलेली वस्ती असे गृहीत धरले. शिरूर-दौंडमधील महामार्गालगतची, कारखान्यांच्या परिसरातील मोठी गावे या चौकटीत बसत नाहीत. दुसरी, न उघडलेल्या वेष्टनाची अट औषधाच्या शुद्धतेचे रक्षण करते. परंतु पाकिटातून कात्रीने कापून दोन गोळ्या हाती दिल्या, की त्यावरील नाव, मुदत व प्रमाण हे सारे दुकानातच राहते.

मधला माणूस : वढू व भिगवण :

मात्रेचे ज्ञान वेष्टनातून पोहोचत नसेल तर ते माणसाकरवी पोहोचवावे लागते. या दृष्टीने शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथील प्रयोग महत्त्वाचा ठरतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी (१९१७-२००४) यांनी १९७० च्या दशकात येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. गावातीलच व्यक्तीला प्रशिक्षण देऊन आरोग्याचे काम सोपवावे, हे त्याचे सूत्र होते. या कार्याबद्दल त्यांना १९९३ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून वढू परिसरातील, शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांच्या लोकसंख्येची व आरोग्याची सातत्याने नोंद ठेवण्याचे काम सुरू झाले. राष्ट्रीय पातळीवर १९७७ मध्ये आरोग्यसेवक योजना आली आणि २००५ नंतर 'आशा' कार्यकर्तीच्या औषधपेटीत पॅरासिटामॉलच्या गोळीला स्थान मिळाले. आशाताई गोळी देते तेव्हा ती किती व केव्हा घ्यावयाची, हेही सांगू शकते. दुकानातून गोळी घेताना हा संवाद घडेलच असे नाही.

दुखण्याची व्याप्ती किती, याचे उत्तर दौंडच्या पूर्वेस, इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे मिळते. डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुरस्काराने चाललेल्या 'कॉपकॉर्ड' कार्यक्रमांतर्गत तेथे घरोघरी पाहणी केली. ६०३४ लोकसंख्येच्या या गावातील ४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्के लोकांना, सांधे, स्नायू वा हाडांचे दुखणे आढळले. संधिवाताभ म्हणजे ऱ्हुमॅटॉइड सांधेदुखीचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का होते. याचा अर्थ असा की, गावातील बहुतांश दुखणे दुर्मीळ आजाराचे नसून ते रोजचे आहे. रोजच्या दुखण्यावर रोज गोळी घेण्याचा मोह होतो आणि मात्रेचा प्रश्न तेथेच उभा राहतो.

सुरक्षित वापराचे नियम :

प्रौढ व्यक्तीने पॅरासिटामॉल एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम घ्यावे. दोन मात्रांमध्ये किमान ४ ते ६ तासांचे अंतर असावे. २४ तासांत ४००० मिलिग्रॅमची मर्यादा कधीही ओलांडू नये. ज्यांचे वजन ५० किलोपेक्षा कमी आहे, जे उपाशीपोटी राबतात, नियमित मद्यपान करतात वा ज्यांना यकृताचा विकार आहे, त्यांच्यासाठी ही मर्यादा कमी असते. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच औषध घ्यावे.

सर्वांत मोठा धोका दुहेरी मात्रेचा आहे. सर्दी-तापाच्या व अंगदुखीच्या अनेक संयुक्त गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतेच. समजा, एखाद्याने तापासाठी ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा घेतली, तर २६०० मिलिग्रॅम झाले. सर्दीसाठी दुसऱ्या नावाची गोळीही चार वेळा घेतली आणि तिच्यात प्रत्येकी ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असेल, तर आणखी २००० मिलिग्रॅम झाले. एकूण ४६०० मिलिग्रॅम. दोन्ही गोळ्या 'साध्या' होत्या आणि मर्यादा मात्र ओलांडली गेली.

बालकांची मात्रा वयापेक्षा वजनावर ठरते : एका वेळी दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम. १२ किलोच्या बालकास १२० ते १८० मिलिग्रॅम पुरेसे होतात. परंतु ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेले व २५० मिलिग्रॅम असलेले अशी दोन्ही प्रकारची पातळ औषधे बाजारात मिळतात. म्हणून 'एक चमचा' हे माप पुरेसे नाही. बाटलीवरील प्रमाण पाहणे व सोबतच्या मापानेच औषध देणे आवश्यक आहे.

अतिमात्रेनंतर पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे फारशी लक्षणे दिसत नाहीत. यकृताची हानी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रकट होते. उतारा मात्र पहिल्या आठ तासांत सर्वाधिक गुणकारी असतो. त्यामुळे रुग्ण बरा दिसत असला तरी वाट न पाहता त्याला गोळ्यांच्या पाकिटासह रुग्णालयात न्यावे.

सर्वच वेदनाशामके सारखी नाहीत. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. उन्हात घाम गाळून शरीरातील पाणी कमी झाले असताना आयबुप्रोफेन वा डायक्लोफेनॅक घेतल्यास मूत्रपिंडावर ताण येतो. बालकांना तापात ॲस्पिरिन देऊ नये. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यास भारत सरकारने २०११ मध्ये मनाई केली. ताप तीन दिवसांपेक्षा अधिक राहिल्यास किंवा दुखण्यासाठी रोज गोळी लागू लागल्यास, गोळी बदलण्याऐवजी तपासणी करून घेणे श्रेयस्कर.

समारोप :

१९४० च्या कायद्यापासून आजवर राज्यसंस्थेने औषध शुद्ध असावे व ते सर्वांस मिळावे यासाठी प्रयत्न केले. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड बंधनकारक झाला. त्यातून औषधाचे नाव, उत्पादक, परवाना व मुदत कळते. किती घ्यावे हे त्यात बंधनकारक नाही. बनावट गोळीपासून संरक्षण करणारी व्यवस्था खऱ्या गोळीच्या चुकीच्या वापराबाबत अद्याप अपुरी आहे.

ज्या तालुक्यात कुरकुंभसारख्या वसाहतीत औषधांची मूलद्रव्ये तयार होतात, तेथील मजुराला आपल्या खिशातील गोळीवरील मजकूर वाचता येऊ नये, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे. द्रव्याचे नाव व दिवसाची कमाल मात्रा मराठीत ठळकपणे छापणे, कापलेल्या गोळ्यांबरोबर मात्रेची चिठ्ठी देणे आणि ऊसतोडणीच्या हंगामात कामगारांच्या तळांवर आशा कार्यकर्तींमार्फत ही माहिती देणे, हे उपाय अल्प खर्चाचे आहेत. गावातल्या माणसाने गावातल्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगितलेले आरोग्यज्ञान रुजते, हा वढूच्या प्रयोगामागील विचार वेदनाशामक गोळीच्या बाबतीतही तितकाच लागू पडतो.